भाकड दिवस

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, अजून तांबडंही फुटलेलं नव्हतं, तेव्हा बन्सीची राहीबाई सूप बडवीत घराबाहेर पडली. घरातला केर, झिजलेली केरसुणी, फुटकी टोपली आणि टोपलीत एक पणती. "इडा पिडा जावो, बळीचं राज्य येवो" म्हणत हे सगळं उकिरड्यावर नेऊन टाकायचं आणि मागं न बघता परत यायचं, अशी आमच्याकडची रीत आहे. घरातलं दळिद्र उकिरड्यावर गेलं की लक्ष्मीला बसायला जागा होते, असं म्हणतात. राहीबाईनं रीत पाळली. फक्त टोपली टाकली ती उकिरड्याच्या दगडांपलीकडं. आणि दगडांपलीकडचा उकिरडा सहादेवाचा होता.

सहादेवाची मुक्ताबाई तिथंच गोठ्याच्या दारात शेणाची पाटी घेऊन उभी होती.

"बाई, दळिद्र तुमच्या घरचं, अन् टाकता आमच्यावर?"

"अंधारात दगड दिसला न्हाई."

"दगड दिसत न्हाई, पर आमची बाजू बरी दिसती."

पुढं त्या दोघी जावांनी एकमेकींना जे ऐकवलं ते लिहायचं तर कागद धुऊन घ्यावा लागेल. माझं घर त्या दोन घरांच्या समोर. मी ओट्यावर अंगाला तेल लावत बसलो होतो. हस्ताच्या पावसानं उकिरडा आतपर्यंत भिजला होता आणि आता थंडीत त्याच्यातून वाफ निघत होती. तिचा वास आणि घराघरांतून येणारा उटण्याचा वास एकमेकांत मिसळले होते. सणाच्या दिवशी सकाळी सकाळी मी नाकाला पंचा लावून बसलो. बनुबाईनं, म्हणजे माझ्या बायकोनं, आतून विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, दिवाळी आहे.

ही गोष्ट एकाहत्तर सालची, दुष्काळाच्या आदल्या वर्षीची. आमचं गाव गोदेच्या काठी, पुणतांब्याच्या खालच्या अंगाला. त्याच्या चार वर्षं आधी बन्सी-सहादेवाचा बाप गोरक्षनाथ वारला, तेव्हा दोन्ही पोरांनी तेराव्याचा भात वाळायच्या आत वाटण्या केल्या. रान वाटलं. पाटाच्या पाण्याची पाळी वाटली. बांधावरच्या आंब्याच्या फांद्या वाटल्या, खोड तेवढं राहिलं. जात्याची खालची तळी बन्सीनं घेतली आणि वरची सहादेवानं. तेव्हापासून दोन्ही घरची दळणं गिरणीत जातात आणि दोन्ही घरात एकेक धोंडा भिंतीला टेकून बसलेला असतो. उकिरडा तेवढा बरेच दिवस सामाईक होता. पण पुढं ऊस वाढला, शेणखताला भाव आला, तसा एका दुपारी दोघा भावांनी धोतरं खोचून त्याच्यात मधोमध धोंड्यांची ओळ घातली.

मग राहिली आई. मनकर्णाबाई. तिच्यामध्ये धोंडे घालता येत नव्हते, म्हणून तिची पाळी ठरली, आवसेपासून आवसेपर्यंत. एक महिना थोरल्याकडं, एक महिना धाकट्याकडं. आवस झाली की म्हातारी गाठोडं उचलायची आणि अंगण ओलांडायची. पाटाच्या पाण्याला पाळी म्हणत, आणि आईलाही पाळीच म्हणत. "आता आमची पाळी हाय" असं कुणी म्हणालं, की पाण्याबद्दल बोलतोय का आईबद्दल, ते पुढचं वाक्य ऐकल्याशिवाय कळत नसे.

त्या आश्विनात म्हातारी थोरल्याकडं, बन्सीकडं होती आणि सबंध आश्विन तिनं सरवा वेचला होता. भुईमूग उपटून झाला की मातीत काही शेंगा राहतात, त्या खुरप्यानं उकरून काढायच्या. दोन्ही लेकांच्या रानांत ती फिरली. ऑक्टोबरचं ऊन पाठीवर घेऊन, उकिडवी बसून, ढेकूळ ढेकूळ फोडत. त्या शेंगा कुणाच्याच वाटणीत नव्हत्या. गुऱ्हाळावरून तिनं गुळाचा एक खडा मागून आणला. दाणे भाजले, कुटले, लाडू वळले आणि पत्र्याच्या डब्यात भरून डबा उशाला घेऊन झोपू लागली. ना राहीबाईला हात लावू दिला, ना नातवंडांना.

बनुबाईला तिनं कारण सांगितलं होतं. तिची लेक रंगुबाई श्रीगोंद्याकडं दिलेली. सासूच्या आजारपणात तिला दोन-तीन दिवाळ्या माहेरी येता आलं नव्हतं, यंदा ती भाऊबीजेला येणार होती. "दोघं ल्योक, दोघी सुना, रंगी, समदी पोरंसोरं, एका पंगतीत बसवीन," म्हातारी म्हणाली, "अन् माज्या हातानं एकेकाच्या हातावर लाडू ठेवीन. मालक गेल्यापासनं एक डाव बी बसली न्हाईत एकत्र. येवढं झालं की मंग डोळं मिटलं तरी चालंल." तिला दुसरं काही नको होतं.

आता त्या सकाळकडं येतो. सूप बडवण्याचा आणि भांडणाचा आवाज ऐकून म्हातारी गाठोडं आणि डबा घेऊन बाहेर आली. आवस होऊन गेली, आता पलीकडं जायचं, हे तिला सवयीनं माहीत होतं. राहीबाईनंही तिला पाहिलं आणि भांडणातला आवाज न बदलता म्हणाली,

"आत्याबाई, आमचा म्हैना झाला. निघा आता."

तिच्या हातात अजून सूप होतं.

मुक्ताबाई दारात आडवी झाली. तिचं म्हणणं, पाडवा उद्या आहे, आणि पाळी बसते पाडव्यापासून. लक्ष्मीपूजन काल झालं, पाडवा उद्या, मधला आजचा दिवस भाकड. भाकड दिवशी ती का म्हणून घालील खायला? राहीबाईचं म्हणणं, आवस काल पुजली, काल संपली. दोघींनी आपापले नवरे उठवले, नवऱ्यांनी डोळे चोळत तेच म्हणणं जरा मोठ्यानं म्हटलं, आणि मग चौघंही माझ्या ओट्यावर आले. गावचे जोशी दिवाळीला लेकीकडं गेले होते आणि पंचांग घरात बाळगणारा दुसरा मीच. शाळा सुटून मला बरीच वर्षं झाली, पण काही छापील बघायचं असलं की लोक अजून मास्तर म्हणून येतात. मला त्यांच्यापुढं नीट बोलता येत नाही. पंचांग मात्र वाचता येतं.

मी चष्मा लावला आणि आहे ते सांगितलं. अमावस्या काल संध्याकाळी होती, म्हणून लक्ष्मी काल पुजली. पण अमावस्या आज दुपारपर्यंत आहे. त्यानंतर प्रतिपदा लागते. पाडवा मात्र सूर्योदयाच्या तिथीवर, म्हणून तो उद्या.

"म्हंजी आवस आज दुपारी संपती," बन्सी म्हणाला. "फुडं त्याची पाळी."

"म्हंजी पाडवा उद्या," सहादेव म्हणाला. "उद्यापासनं माजी पाळी."

"मंग आजचा दिवस कुनाचा?"

"कुनाचाच न्हाई."

मी हळूच म्हटलं की आईला तिथी नसते. ते कुणी ऐकलं नाही. मलाही ते म्हटल्यावर जरा पुस्तकातलंच वाटलं, म्हणून मी पुन्हा म्हटलं नाही. दोघं भाऊ निघून गेले आणि दोन्ही दारं लागली. बन्सीकडून तळणाचा वास येऊ लागला. सहादेवानं ट्रान्झिस्टर लावला, त्याच्यावर सनई चालू होती.

म्हातारी भिंतीला धरून सगळं ऐकत उभी होती. दोन दारांच्या बरोबर मध्ये उकिरडा, त्याच्या कडेला बाभूळ, बाभळीखाली एक धोंडा. ती तिथं जाऊन बसली. गाठोडं मांडीवर, गाठोड्यावर डबा.

बनुबाई तिला आपल्याकडं आणायला गेली. म्हातारीनं तिचा हात धरून बाजूला केला. "माय, दोन ल्योक जित्ते असताना दिवाळीच्या दिशी शेजाऱ्याकडं जेवू व्हय? त्यांची लाज जाईल." लाज गेली तर त्यांची जाईल, म्हणून ती उकिरड्यावर बसून राहिली. मला हे तेव्हाही नीट कळलं नाही आणि आता लिहितानाही नीट सांगता येत नाही.

ऊन चढलं. दिवाळीतली सकाळ कितीही गार असली तरी दुपारी आमच्याकडं डोकं फुटतं. उकिरड्यावर माशांचा थर बसला. काळ्या मातीत आश्विनातला शाळू वीतभर वर आला होता, त्याच्यावरून वारा येई तो चांगला असे, पण आमच्या बोळात शिरेपर्यंत तो उकिरड्यावरून येई. नवी धोतरं, नवी लुगडी नेसलेली माणसं फराळाची ताटं झाकून इकडून तिकडं जात होती. जवळ आली की पदर, टोपी, जे असेल ते नाकाला लावीत, म्हातारीकडं बघत, "काय मावशी, हितं का?" म्हणत, आणि उत्तर यायच्या आत पुढं जात. एकदोघींनी तिच्यापुढं करंजी धरली. तिनं घेतली नाही. दोन्ही घरची नातवंडं येऊन डब्याभोवती घुटमळली. "रंगी आल्यावर," एवढंच ती म्हणे. मी खिडकीशी पुस्तक उघडून बसलो होतो. तेच पान सारखं वाचत होतो.

उन्हं जरा कलली तेव्हा खाजाभाईचा टांगा आला. पुणतांब्याच्या स्टेशनावरून आमच्या गावाला येणारं सगळं खाजाभाईच्या टांग्यातून येतं, पाहुणे, पेंड आणि बातम्यासुद्धा. रंगुबाई भाऊबीजेच्या आधीच आली होती, सोबत दोन मुली. टांगा थांबायच्या आत दोन्ही दारं उघडली. राहीबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन एका उंबऱ्यावर, मुक्ताबाई तेच घेऊन दुसऱ्या उंबऱ्यावर. दोघीही हसत होत्या. बन्सीनं ट्रंक एका बाजूनं धरली आणि सहादेवानं दुसऱ्या बाजूनं. आपल्याच घरात तिनं आधी पाय ठेवावा असं दोघांचं म्हणणं होतं. बहिणीनं बीजेला कुणाच्या दारात ओवाळलं ते सगळा गाव बघत असतो. आईची पाळी टाळता येते, बहिणीची टाळता येत नाही.

"आय कुठंय?" रंगुबाईनं विचारलं.

खाजाभाईनं चाबकाची काठी वर करून बाभळीकडं दाखवलं.

"आज भाकड दिवस हाय," बन्सी म्हणाला, "म्हनून जरा..." आणि त्यानं पुढचं बोलणं माझ्या ओट्याकडं बघून अर्धंच सोडलं. जणू ते पंचांगात छापलेलं होतं.

रंगुबाई रडली नाही. ती उकिरड्याकडं गेली, पदरानं म्हातारीच्या तोंडावरच्या माशा हाकलल्या, घाम पुसला.

"कवापासनं बसलीस?"

"सकाळधरनं. पर सावली हुती," म्हातारी म्हणाली. "तू लई वाळलीस गं."

"जेवलीस?"

"तुजी वाट बघत हुते."

रंगुबाई कमरेला पदर खोचून उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता, पण आमच्या ओट्यापर्यंत शब्द न् शब्द आला.

"दादा, सहादू. आजचा दिवस तुमच्या दोघांचा बी न्हाई न्हवं? मंग आज आयचा हाय. माजं म्हायेर ती बसलीय तिथं. मी हितंच जेवनार. बीजेला ओवाळून घ्यायचं आसंल त्यानं आज हितं येऊन बसायचं."

दोघं भाऊ ट्रंक धरून उभेच होते. खाजाभाईनं घोडा सोडला, बाभळीला बांधला आणि काही न विचारता तीन धोंडे आणून चूल मांडली. धोंडे त्यानं वाटणीच्या ओळीतलेच उचलले. मुक्ताबाई म्हणाली, "आवो, ती आमची हद्द हाय." खाजाभाई म्हणाला, "भाबी, चूल इझली की तुमची हद्द परत लावून देतो. घोडा बांधलाय तिथं लीद पडली तर ती कुन्या बाजूची, ते बी सांगून ठेवा." बघायला जमलेल्यांतले काही हसले.

बनुबाई पीठ, तवा आणि पातेलं घेऊन गेली. घरातली ताटं घेऊन मीही गेलो. एवढं मला जमण्यासारखं होतं. रंगुबाईनं गोवऱ्या पेटवल्या, पिठलं टाकलं आणि बाजरीच्या भाकरी थापायला बसली. पहिल्यांदा पोरं आली. बन्सीची आणि सहादेवाची, चार दिशांनी. आयांनी हाका मारल्या, एकानंही मागं बघितलं नाही. मग दोघी सुना पोरांना न्यायला आल्या आणि लोकांदेखत पोरांना ओढून नेणं बरं दिसेना, म्हणून तिथंच थांबल्या.

"बारा वर्सांनी उकिरड्याचा बी पांग फिटतो म्हंत्यात," खाजाभाई घोड्याच्या अंगावरून हात फिरवत म्हणाला, "हितं तर चार वर्सांतच फिटला."

बन्सीला त्या वर्षी सोसायटीच्या निवडणुकीला उभं राहायचं होतं. बघ्यांमध्ये वरच्या आळीची माणसं दिसली तसा तो पुढं झाला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की आईपरीस मोठं काय हाय. मग सहादेवाला मागं राहणं अवघड झालं. दोघं येऊन बसले. बन्सी धोंड्यांच्या ओळीच्या आपल्या अंगाला, सहादेव आपल्या अंगाला. राहीबाई नवऱ्याच्या बाजूला, मुक्ताबाई नवऱ्याच्या बाजूला. जिथले धोंडे चुलीला गेले होते त्या मोकळ्या जागेवर रंगुबाईनं म्हातारीला बसवलं.

तशी ती पंगत झाली. कडेला सकाळची ती फुटकी टोपली तशीच पडलेली होती, पणती विझून तिच्यात माशा बसल्या होत्या. दोघं भाऊ एकमेकांकडं न बघता जेवत होते. बन्सी मधूनमधून बघ्यांकडं बघून मान डोलवी. राहीबाईनं नाकाला लावलेला पदर घास घेताना तेवढा काढला. मला आग्रहानं बसवलं होतं. माझ्या पिठल्यात माशी पडली, ती मी बोटानं काढली, पण पुढचा घास आत जाईना. इतकी वर्षं ही माणसं मी समोर बघत आलो, वाटण्या बघितल्या, जात्याच्या दोन तळ्या बघितल्या, तेव्हा हसलोही होतो. त्या दुपारी मात्र मला त्यांच्या नव्या कपड्यांची, त्यांच्या मानेच्या डोलावण्याची, ओठाला लागलेल्या पिठल्याची शिसारी आली. आणि ताट पुढं घेऊन त्यांच्यातच बसलेल्या माझीही.

म्हातारीनं डबा उघडला. उठून उभी राहिली, वाकून एकेकाच्या हातावर लाडू ठेवत गेली. लेकांच्या, सुनांच्या, पोरांच्या, रंगुबाईच्या, खाजाभाईच्या, माझ्या. मुक्ताबाई लाडू हातात फिरवत म्हणाली की आत्याबाईंनी सरवा वेचला तो जास्ती आमच्याच रानातला. राहीबाई म्हणाली, कुटला कुणाच्या उखळात ते बी सांगा. म्हातारीनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. ती आपल्या जागेवर येऊन बसली. तिच्या तोंडात दात उरले नव्हते, शेवटचा लाडू ती हातात कुस्करून चाटत होती. पंगतीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तिनं एकदा बघितलं. परत एकदा बघितलं.

"ग्वाड झालंत का?" तिनं विचारलं.

"व्हय," बन्सी ताटात बघत म्हणाला.

"व्हय," सहादेवही म्हणाला.

एवढं एकच त्या दोघांचं त्या दिवशी जुळलं.

म्हातारी हसली. मला अन्न जात नव्हतं आणि ती बोटं चाटत हसत होती. तिला वास येत नव्हता का, हे मी नंतर बनुबाईला विचारलं. बनुबाई म्हणाली, तुम्हांला पुस्तकाबाहेरचं काही कळत नाही. असेलही तसं.

त्या रात्री रंगुबाई आणि मुली म्हातारीसकट आमच्या ओसरीवर निजल्या. दुसऱ्या दिवशी, पाडव्याच्या पहाटे, मुक्ताबाई सूप बडवीत बाहेर पडली. टोपलीत केर, जुनी केरसुणी, पणती. पणती तिनं वर धरून धोंडे नीट बघितले आणि मग टोपली बन्सीच्या बाजूला टाकली. ती परत फिरली तेव्हा तिच्या मागं मनकर्णाबाई गाठोडं घेऊन सहादेवाच्या दाराकडं चालत होती. बीजेला रंगुबाईनं एकाच ताटानं दोघांना ओवाळलं, पण दोघांच्या दोन दारांत. खाजाभाईनं चुलीचे धोंडे पुन्हा ओळीत लावून दिले होते. काळे झालेले तीन ओळखू येत.

पुढच्या वर्षी पावसानं तोंड दाखवलं नाही. पाट कोरडा पडला, ऊस वाळला, जनावरं छावणीत गेली. बन्सी आणि सहादेव दोघेही सडकेच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले, एकाच मुकादमाच्या हाताखाली, आणि एकमेकांकडं पाठ करून. उकिरड्यात टाकायला शेण राहिलं नाही. तो वाळून खाली बसला, वाऱ्यानं त्याची धूळ घराघरांत गेली, तरी धोंड्यांची ओळ होती तिथंच होती.

आश्विन लागला तेव्हा एका दुपारी मनकर्णाबाई काठी टेकत माझ्या ओट्यावर आली. डोळ्यांनी तिला कमी दिसू लागलं होतं. बराच वेळ ती इकडचं तिकडचं बोलली. मग आवाज उतरवून म्हणाली,

"मास्तर, ते तुमचं पंचांग बघा बरं. औंदा दिवाळीत भाकड दिवस हाय का?"

मला वाटलं, तिला त्या दिवसाची भीती वाटते. मी म्हटलं, घाबरू नका, यंदा तसा दिवस आला तरी आम्ही आहोत.

"घाबरू कशापायी?" ती म्हणाली. "तसला दिवस आसंल तर रंगीला सांगावा धाडीन म्हनते. सरवा कशाचा येचायचा, रानात काय बी न्हाई. पर लाडू नसलं तर नसू द्यात. बसत्याल की समदी."

पंचांग माझ्या मागं फळीवर होतं. मी ते काढलं नाही.

"आहे," मी म्हटलं.

"बगा नीट."

"बघितलंय. आहे."

ती काठी टेकून उठली. अंगण ओलांडताना उकिरड्याजवळ थांबली आणि बाभळीखालच्या धोंड्यावर साचलेली धूळ पदरानं पुसू लागली.